गुहागर ते रत्नागिरी पायी : हेदवीपुढचा सडा उन्हात चालू नका

नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून जाणारी निळी-हिरवी रेघ दिसते, आणि ज्याला विचारावं तो सांगतो, ‘निवांत रस्ता आहे, गाड्या नाहीत.’ गाड्या नाहीत हे खरं. पण हा ‘सागरी महामार्ग’ गुहागर तालुक्यात बराचसा एकपदरी आहे आणि निम्म्याहून जास्त वेळ समुद्र दिसतच नाही. गावं खाडीच्या तोंडाशी, रस्ता सड्यावर (वरच्या सपाट पठारावर). म्हणजे प्रत्येक गावातून बाहेर पडताना चढ, पुढच्या गावात शिरताना उतार, आणि मधे जांभ्याचा उघडा कातळ. मोबाइलवरचं ॲप चालायचा जो वेळ दाखवतं त्यात हे चढ, पाण्यासाठीचं थांबणं, ऊन काहीच धरलेलं नसतं. दाखवलेला वेळ सव्वापट धरा, दुपारी दीडपट.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. दुपारी सुटणारा समुद्राचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, तो पाठीशी राहतो. हिवाळ्यात दुपारचं ऊन मात्र दक्षिणेकडून थेट तोंडावर येतं, म्हणून गोल काठाची टोपी हवी. पुढे झाप असलेल्या टोपीत कान आणि मान भाजतात. डिसेंबर-जानेवारी सोडून हा रस्ता पायी करू नये. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कातळ सकाळी दहालाच तापतो.

गुहागरहून निघताना मोडकाआगरचा रस्ता घेऊ नका, ओहोटी पाहून वाळूवरून असगोलीपर्यंत जा. ओली, घट्ट वाळू पायाला डांबरापेक्षा चांगली. पुढे पालशेतला बाजार आहे. केळी, बिस्किटं, इलेक्ट्रल (पाण्यात घालायची मीठ-साखरेची पावडर) इथेच घ्या, कारण यापुढे गावातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. वेळणेश्वर छान आहे. मुक्काम मात्र तिथे करू नका.

मुक्काम हेदवीत करा. या सगळ्या मजकुरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. वेळणेश्वरला झोपून सकाळी आठला निघालं की हेदवीतच दहा वाजतात. दशभुज गणपती टेकडीवर आहे, तो पाहून खाली येईपर्यंत अकरा. त्यानंतर नरवणकडचा चढ लागतो आणि मग सडा. वड नाही, आंबा नाही, टपरी नाही. कुठे गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) असतो, त्याची सावली बाराला पावलाएवढी. वाडी रस्त्यापासून आत असते, विहीर त्याहून आत. खालचा काळा कातळ उष्णता परत फेकतो, त्यामुळे तळपाय जळतात, घाम वाऱ्याने लगेच वाळतो आणि आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. डोकं ठणकायला लागतं तेव्हा कळतं. जोडीने चालताना एक जण आधी गप्प होतो; तो गप्प झाला की थांबा, पाणी आणि मीठ-साखर द्या, रेटू नका.

हेदवीहून पहाटे साडेपाचला बॅटरी लावून निघालात तर तवसाळच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर साडेनऊपर्यंत पोचता. तोच रस्ता, तेच चढ, आणि चालताना मजा येते इतका फरक. माणशी तीन लिटर पाणी हेदवीतूनच भरून घ्या. पहाटे निघालात तरी. उशीर झाला असेल तर हेदवीतूनच रिक्षा करा, नरवणनंतर मिळेल या भरवशावर राहू नका. रिक्षावाला येण्याजाण्याचं भाडं मागतो, ते रास्त आहे, त्याला रिकामं परतावं लागतं.

वेळणेश्वर ते हेदवी किनाऱ्याच्या खडकांवरून जाता येतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बामणघळीजवळचा (ही हेदवीच्या किनाऱ्यावरच्या खडकातली अरुंद भेग) खडक शेवाळी आहे आणि भरतीत घळीतून पाणी उसळतं. उमामहेश्वराच्या देवळाकडून, ओहोटीला, लांबून पाहा.

तवसाळ-जयगड फेरीबोटीत पायी माणसाचं तिकीट किरकोळ असतं; सुटे पैसे ठेवा, रेंज नसली की यूपीआय अडकतं. पलीकडे उतरल्यावर बोटीतल्या गाड्या एकदम सुटतात, त्यांना दहा मिनिटं पुढे जाऊ द्या. जयगड-निवळी रस्त्यावर बंदराचे ट्रक असतात. त्यावर जितकं कमी चालाल तितकं बरं. मालगुंडच्या दिशेने फुटायचं. आंधळ्या वळणावर नेहमी वळणाच्या बाहेरच्या कडेला जा, तिथून चालकाला तुम्ही आधी दिसता. एरवी उजवीकडून, समोरून येणारी गाडी पाहत. डांबर कडेला उतरतं असतं, एकाच बाजूने तासन्‌तास चाललं की एक गुडघा आणि कंबर दुखते, म्हणून मोकळ्या सरळ रस्त्यात मधून चाला. अवजड ट्रेकिंगचे बूट घरी ठेवा, अर्धा नंबर मोठे धावायचे बूट घ्या.

गणपतीपुळ्याला राहू नका, मालगुंडला राहा. शनिवार-रविवार, संकष्टी, नाताळचा आठवडा, आणि अंगारकी असेल तर विचारूच नका, पुळ्यातले दर वाटेल तसे चढतात. सगळ्यात वाईट प्रकार असा की फोनवर सांगितलेला दर खोलीचा वाटतो आणि दारात गेल्यावर तो माणशी निघतो. वीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाकडे घासाघीस करायची ताकद नसते, हे समोरच्याला दिसतं. आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या : दर खोलीचा की माणशी, जेवण धरून की वगळून, गरम पाणी किती वाजता. जेवणाचं तर सगळीकडेच आधी सांगावं लागतं. घरगुती खानावळीत न सांगता गेलात तर चूल विझलेली असते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

शेवटचा टप्पा, नेवरे-आरे-वारे-काळबादेवी, रविवारी करू नका. आरे आणि वारे यांमधल्या चढावर रस्ता अरुंद, आणि फोटोसाठी गाड्या वळणातच उभ्या असतात. आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी सकाळी हाच अख्ख्या वाटेतला सर्वांत सुंदर भाग आहे. पाण्यात मात्र उतरू नका, तिथे ओढ आहे. साखरतरचा पूल ओलांडला की शिरगावात चालणं संपवा. पुढे शहराची रहदारी आहे. रेल्वे स्टेशन रत्नागिरी शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, शिरगावहून एसटीने शहरात या आणि स्टेशनसाठी दुसरी गाडी पकडा, गाडीच्या वेळेआधी दीड तास हातात ठेवून.