चिखलाची बाटली अपडेट: जांभळा पट्टा आला एकदाचा!

गोव्यात आगरवाड्याकडच्या खाजनातला (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीतला) चिखल भरून, त्यातले बॅक्टेरिया रंगीत थरांत वाढताना बघायला ज्या बाटल्या लावल्या होत्या त्यातल्या एकीत आता जांभळा पट्टा नीट दिसायला लागलाय, आधी काचेला नुसते ठिपके होते मग ते पसरत पसरत एकमेकांना मिळाले. तळाला काळा थर, त्यावर मळकट हिरवा, मग हा जांभळा, आणि सगळ्यात वर पाण्यावर सायनोबॅक्टेरियाची (झाडांसारखा ऑक्सिजन सोडणाऱ्या बॅक्टेरियांची) हिरवीगार साय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, ही सर्गेई विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाची 1880 च्या दशकातली पद्धत. चिखलात पेपरचे बारीक तुकडे आणि अंड्याच्या कवचाची पूड कालवायची, वर त्याच जागेचं पाणी, झाकण सैल, बाटली उजेडात. गोड्या पाण्याचा चिखल असला तर गंधकासाठी अंड्याचा बलक नाहीतर प्लास्टर ऑफ पॅरिस घालतात, आपल्याकडे मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरतीचं पाणी आत येतं आणि समुद्राच्या लिटरभर पाण्यातच अडीच ग्रॅमपेक्षा जास्त सल्फेट (गंधक असलेला क्षार) असतं, म्हणून मी काहीच घातलं नाही.

तळाला ऑक्सिजन संपला की तिथले बॅक्टेरिया सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात (तोच तो कुजक्या अंड्यासारखा वास), तो चिखलातल्या लोखंडाला मिळाला की काळा आयर्न सल्फाइड. हाच गॅस वरच्या जांभळ्या आणि हिरव्या बॅक्टेरियांच्या कामाला येतो, झाडं पाणी वापरतात तिथे हे हायड्रोजन सल्फाइड वापरून उजेडावर अन्न बनवतात, ऑक्सिजन न सोडता. हिरव्यांना हा गॅस जास्त सोसतो म्हणून ते खाली. एकाची घाण ती दुसऱ्याची पोटाची सोय, मला हे कितीही वेळा बघितलं तरी भारीच वाटतं.

पावसात उजेडाचे हाल असतात, त्यावर एक सांगतो. पांढऱ्या एलईडीचा जांभळ्यांना फारसा उपयोग नाही, त्यांचं रंगद्रव्य इन्फ्रारेड शोषतं आणि एलईडीत ते जवळपास नसतंच. जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब मिळाला तर तो लावा, बाटली तापणार नाही इतका लांब.

चवथीला घरी लोक येणार म्हणून बाटली मुद्दाम हॉलमध्ये ठेवली. बॅक्टेरिया म्हटलं की लोकांना आजार आणि हँडवॉशची जाहिरात आठवते, आणि मायक्रोस्कोप लावला तर एकजण बघतो नि बाकीचे कंटाळतात, इथे सगळे एकदम वाकून बघत होते. शेजारची पोरगी विचारते, काका हा रंगच जिवंत आहे? हो गं बाय, रंगच जिवंत आहे! आणि खाजनात जन्म घालवलेली आमची मावशी वास घेऊन लगेच म्हणाली, मानशीकडचो चिखल असोच घाण मारता. काळ्या थराचं सगळं तिला आधीच माहीत होतं, मी फक्त कोण करतं ते सांगितलं.

पोरांना दाखवताना झाकण उघडू नका, नंतर हात साबणाने धुवायला लावा. चिखल चोडणच्या अभयारण्यातून आणू नका, ती राखीव जागा आहे, गावातल्या बांधाकडचा मूठभर पुरतो.

उन्हाळ्यात मिठागरं सुरू झाली की तिथल्या खाऱ्या पाण्याची एक बाटली लावणार, मीठ धरताना पाणी गुलाबी होतं त्यातले जीव बघायचेत (ते मुख्यतः आर्किया, म्हणजे बॅक्टेरियांसारखेच सूक्ष्म पण वेगळ्या गटातले जीव, पण चालतंय). जुवारी नदीच्या बाजूचं कोणी बाटली लावत असेल तर फोटो रोज एकाच जागेवरून काढा, म्हणजे आपले थर शेजारी ठेवून बघता येतील.