धडधाकट स्कॅनर आणि एक हरवलेली फाइल

वकीलसाहेबांच्या ऑफिसातला स्कॅनर आधीच्या माणसाने ‘लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरतात त्या मोफत प्रणालीवर) चालणार नाही, नवीन घ्या’ म्हणत निकालात काढला होता. ई-फायलिंगला तर रोज पीडीएफ लागतात. कारकूनकाका मोबाइलवर फोटो काढून वेळ मारून नेत होते.

हा स्कॅनर झाकण उघडल्याशिवाय चालूच होत नाही. झाकण उघडून ‘एलएसयूएसबी’, म्हणजे यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारी कमांड, चालवली, यादीत दिसला. ‘सेन-फाइंड-स्कॅनर’लाही दिसला. पण ‘स्कॅनइमेज -एल’ म्हणतंय, एकही स्कॅनर सापडला नाही. इथेच बहुतेक जण हात टेकतात, आणि मला त्याचाच राग येतो, कारण निदान इथेच सुरू होतं. पहिल्या दोन कमांड यूएसबीवर काय जोडलंय एवढंच बघतात. तिसरी ‘सेन’च्या, म्हणजे लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बॅकएंडमार्फत, म्हणजे त्या मॉडेलसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमार्फत, स्कॅनरशी बोलून पाहते. म्हणजे केबल ठीक, पोर्ट ठीक, अडलंय ते पुढे.

त्या बॅकएंडचं डीबग, म्हणजे तो काय करतोय ते ओळीओळीने दाखवणं, चालू केलं. ओळींच्या गर्दीत कारण सापडलं: फर्मवेअरची, म्हणजे स्कॅनरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल उघडता येत नाही. या जातीच्या स्कॅनरमध्ये फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं. वीज गेली की पुसलं जातं, आणि दर वेळी संगणकाने ते यूएसबीवरून पुन्हा भरायचं. विंडोजचा ड्रायव्हर हे न सांगता करतो. ‘सेन’ही करतं, पण फर्मवेअरची ती .एनएएल फाइल कंपनीच्या मालकीची, त्यामुळे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, ती सोबत देऊ शकत नाही. बॅकएंड लिहिणाऱ्यांनी कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये प्रत्येक मॉडेलसमोर हव्या त्या फाइलचं नाव लिहून ठेवलंय. ती कॉन्फिग फाइल कोणी उघडूनच बघत नाही.

ड्रायव्हरची सीडी कुठे गेली, कोणालाच माहीत नव्हतं. काका म्हणाले, “जुन्या कॉम्प्युटरची डिस्क आहे कपाटात, भंगारात द्यायची राहिली.” ती यूएसबी अडॅप्टरने जोडली, फक्त वाचण्यापुरती माउंट केली (उघडली) आणि ‘फाइंड’ या शोधायच्या कमांडने .एनएएल शोधलं. सापडली! ‘/यूएसआर/शेअर/सेन’खाली बॅकएंडच्या फोल्डरमध्ये टाकली, कॉन्फिगमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळवलं. ‘स्कॅनइमेज -एल’ने मॉडेलचं नाव दाखवलं.

पहिलंच खरेदीखत ओढलं तर तळ कापलेला, नेमक्या साक्षीदारांच्या सह्या गायब. कागद लीगल, म्हणजे ए-4पेक्षा लांब, आणि सेटिंग ए-4चं. उंची 355.6 मिमी दिल्यावर सह्या पूर्ण आल्या. काकांनी लगेच दुसरा गठ्ठा सोडायला घेतला.

ती डिस्क भंगारात गेली असती, तर मीही बहुधा नवीनच घ्यायला सांगितलं असतं. मोटर चालते, रोलर पकडतात, दोन्ही बाजू एका दमात निघतात, असं यंत्र एका फाइलपायी फेकायचं? कंपनीने ती फाइल मोकळेपणाने वाटू दिली, तर तिचं काय जातं, ते मला अजून कळलेलं नाही. तोवर कोणाचंही जुनं विंडोज पुसायला घेतलं की मी आधी त्यात .एनएएल शोधतो.