गुन्हेगारीच्या फाइलीतलं संगीत

पूर्व लंडनमधल्या एका छोट्याशा अर्काइव्हमध्ये मी काम करते. गोदी कामगारांच्या संघटनांची दप्तरं, शाळांची हजेरीपुस्तकं, जुने नकाशे आणि वर्तमानपत्रांची कात्रणं हा आमचा मुख्य साठा. गेल्या वर्षी आम्ही परिसरात पत्रकं वाटली: घरात ग्राइम संगीताच्या कॅसेट, मासिकं, जाहिरातींची चिठोरी पडून असतील तर शनिवारी घेऊन या, नोंद करून जपून ठेवू. सोबत दुपारी चहा आणि थोड्या गप्पा. गप्पांना फार कोणी थांबणार नाही असं सगळ्यांनाच वाटत होतं. प्रत्यक्षात संध्याकाळी इमारत बंद करायची वेळ झाली तरी माणसं उठेनात.

ग्राइम जन्मलं ते आमच्याच भागात, बो आणि आसपासच्या सरकारी वसाहतींमध्ये, 2000 नंतरच्या दोन-तीन वर्षांत. गराज आणि जंगल हे लंडनच्या क्लबांतले नाचाच्या संगीताचे प्रकार, आणि जमैकाचं डान्सहॉल, यांचा वारसा त्यात आहे. मिनिटाला साधारण 140 ठोके, पोटात गुरगुरणारा बेस आणि त्यावर धारदार, वेगवान शब्द. पोरं घरच्या संगणकावर फ्रूटी लूप्स या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये चाली रचायची. संगणक नसेल तर प्लेस्टेशनवर. आणि ते वाजायचं कुठे? विनापरवाना रेडिओवर. रिन्स एफएम, डेजा व्हू एफएम अशी ही केंद्रं. उंच इमारतींच्या छतांवर चोरून एरियल लावायचे, सरकारी माणसं येऊन ते काढून न्यायची, की पुन्हा नवा एरियल. रिन्सचा सहसंस्थापक डीजे स्लिमझी याला तर 2005 मध्ये न्यायालयाने उंच इमारतींच्या छतांवर जायलाच बंदी घातली होती. पुढे 2010 मध्ये त्याच रिन्सला रीतसर परवाना मिळाला.

त्या शनिवारी पहिला आला तो चाळिशीतला एक इलेक्ट्रिशियन. खेळाच्या बॅगेत गच्च भरलेल्या कॅसेट. प्रत्येकीवर निळ्या बॉलपेनने केंद्राचं नाव, वार, डीजे आणि कोण कोण माइकवर होतं ते. सोळाव्या वर्षी रेडिओजवळ बसून त्याने हे सगळं टेप केलं होतं. मी त्यातली एक निवडली, आतली फेल्टची गादी शाबूत आहे ना ते पाहिलं, एकदा पुढे-मागे फिरवून फीत सैल केली आणि फीत वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवला. हा कोन प्रत्येक कॅसेटला वेगळा लागतो, नाहीतर वरचे सूर बोथट होतात. मग 96 किलोहर्ट्झ, 24 बिटवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्पीकर चालू ठेवला.

आधी खरखर. मग एक अगदी पोरसवदा आवाज फोन नंबरांचे शेवटचे तीन-तीन आकडे पुकारायला लागला. ते होते मिस्ड कॉल देणारे श्रोते. केंद्राच्या मोबाइलवर रिंग द्यायची आणि कापायची, पैसा खर्च नाही, पण गाणं आवडलं हे कळवलं. मोबाइलचा हा वापर माझ्या पिढीच्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. आणि मग एका मुलाने अशी काही ओळ टाकली, की खोलीतले बाकीचे आवाज ओरडू लागले, डीजेने तबकडी हाताने मागे ओढली, ती किंचाळत थांबली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. याला रीलोड म्हणतात. ओळ जमली याची त्याहून मोठी पावती ग्राइममध्ये नाही. वीसहून जास्त वर्षांनी तो रीलोड ऐकताना इलेक्ट्रिशियनचे ओठ हलत होते, शब्द त्याला पाठ होते.

एव्हाना पंधरा-वीस जण जमले होते. कोणीतरी विचारलं, तुमच्याकडे आधीपासून काय आहे? मी कात्रणांच्या पेट्या काढून टेबलावर ठेवल्या, आणि वादाला तोंड फुटलं.

आमच्याकडची कात्रणं त्या काळातल्या कर्मचाऱ्यांनी विषयवार लावलेली आहेत. डिझी रास्कल हा बो भागातला ग्राइम गाणारा मुलगा. जुलै 2003 मध्ये सायप्रसच्या आयिया नापात त्याच्यावर चाकूहल्ला झाला. ती कात्रणं 'गुन्हेगारी आणि तरुण टोळ्या' या फाइलीत. त्याच महिन्यात त्याचा पहिला अल्बम 'बॉय इन डा कॉर्नर' आला आणि सप्टेंबरात, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचं मर्क्युरी पारितोषिक पटकावलं. ती कात्रणं 'परिसरातील नामवंत' या फाइलीत. एकच मुलगा, एकच उन्हाळा, दोन पेट्या. आणि मधल्या संगीताबद्दल, म्हणजे टेबलावरच्या बॅगेत जे होतं त्याबद्दल, दोन्हींत एक ओळ नाही.

इलेक्ट्रिशियन भडकला. "पेपरांत आम्ही एक तर जखमी, नाहीतर चमत्कार. गुन्ह्याच्या फाइलीतून हे आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

त्याला अडवलं एका नर्सने. तिने आर डब्ल्यू डी या फुकट वाटल्या जाणाऱ्या मासिकाचे अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून आणले होते. "पेपर पेपर म्हणतोस, ते कुठले? हे नव्हते का आपले पेपर?" तिने अंक उघडून दाखवला. त्यात कोणत्या चालीचा निर्माता कोण, तबकडी कोणत्या दुकानात मिळेल, कोणी कोणाला माइकवर आव्हान दिलं, सगळं होतं. 2003 मध्ये चॅनल यू ही वाहिनी आली, 2006 मध्ये जमाल एडवर्ड्स नावाच्या किशोरवयीन मुलाने हातात कॅमेरा घेऊन एसबी टीव्ही ही यूट्यूब वाहिनी सुरू केली. मोठ्या वर्तमानपत्रांना दिसत नव्हतं म्हणून कोणी लिहीतच नव्हतं, हे तिला साफ नामंजूर होतं. मला तिचं पटलं. आमच्या पेट्यांत ते मासिक नव्हतं, कारण संगीताची फुकट मासिकं जपण्यालायक कागद आहेत असं कोणाला वाटलंच नव्हतं.

मागे बसलेल्या एका आजी त्याच वसाहतीत चाळीस वर्षं राहिलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या जिन्यात पोरं मेली. पेपरने ते लिहायचं नाही का?"

खोलीत कोणी बोलेना. इलेक्ट्रिशियनने बॅगेतून आणखी एक कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर क्रेझी टिचचं नाव होतं. डेजा व्हूवर गाजलेला हा एमसी, म्हणजे माइकवर शब्द म्हणणारा, 2006 मध्ये खुनाच्या गुन्ह्यात त्याला जन्मठेप झाली. "मावशी, हे मी टाकून दिलेलं नाही आणि लपवतही नाही," तो म्हणाला. "त्या खटल्याचं लिहा, नावानिशी लिहा. पण मग ज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, अशा माझ्या मित्राचा कार्यक्रम का रद्द होतो?"

तिथून गाडी फॉर्म 696 वर गेली. लंडनच्या पोलिसांनी 2005 मध्ये आणलेला हा अर्ज. कार्यक्रम करणाऱ्यांनी कलाकारांची खरी नावं, पत्ते, फोन नंबर आधी द्यायचे. सुरुवातीला तर संगीताचा प्रकार आणि प्रेक्षक कोणत्या वंशाचे असतील हेही त्यात विचारलेलं होतं. तो रद्द झाला 2017 च्या नोव्हेंबरात. बारा वर्षं. अर्ज भरला की क्लबमालकच हात वर करायचा आणि तारीख जायची, असं तिथले दोघे-तिघे सांगत होते. रद्द झालेला कार्यक्रम ही बातमी होत नाही, म्हणून त्याचं कात्रणही नसतं. पेपर जे छापतो त्यावर सगळे चिडतात, पण मला जास्त सलतं ते हे न छापलेलं.

2014 नंतर सूर बदलला. स्केप्टाच्या 'दॅट्स नॉट मी'चा व्हिडिओ 80 पौंडांत झाला आणि त्याला कृष्णवर्णीय संगीतासाठीचा मोबो पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये त्याच्याच 'कोनिचिवा'ला मर्क्युरी. 2019 मध्ये स्टॉर्मझी ग्लास्टनबरी महोत्सवाचा प्रमुख कलाकार. वर्तमानपत्रं लिहू लागली, ग्राइम परतलं. "गेलं कुठे होतं?" नर्स कडाडली. कौतुकाचे हे लेख तिला शिव्यांपेक्षा जास्त झोंबत होते. त्यांत उंच इमारती असतात, गरिबी असते, लिफ्टमधला वास असतो. पण बेस कसा बांधलाय, आठ ओळींनंतर माइक पुढच्याच्या हाती का जातो, रीलोड म्हणजे काय, हे नसतं. व्हायोलिनवादकावरच्या लेखात त्याच्या घराच्या जिन्याचं वर्णन कोणी छापतं का, असं तिने विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं.

सगळ्यात तरुण होता सतरा वर्षांचा एक मुलगा. इतका वेळ गप्प. तो म्हणाला, "ग्राइम माझ्या काकाचं. मी ड्रिल ऐकतो, ते त्याच्यानंतर आलेलं रॅप. पेपरवाले मात्र दोन्हींत फरक करत नाहीत." इलेक्ट्रिशियन लगेच म्हणाला, "ड्रिल वेगळंच आहे बाबा. त्यात नुसती मारामारी, कला कसली?" मुलाने गुन्हेगारीच्या फाइलीतलं एक कात्रण उचललं आणि मोठ्याने वाचायला लागला. त्यात ग्राइमबद्दल जवळपास हेच लिहिलं होतं. मग त्याने स्केन्गडो आणि एएम या जोडीचं सांगितलं. 2019 च्या जानेवारीत, न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून एक ड्रिल गाणं सादर केलं म्हणून दोघांना निलंबित कैदेची, म्हणजे पुन्हा गुन्हा केला तरच भोगायच्या कैदेची, शिक्षा झाली. "तुमचे कार्यक्रम रद्द झाले. आमच्यात गाणं म्हटलं की कोर्ट." इलेक्ट्रिशियनने त्याला पुढे बोलू दिलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. त्या दिवसातली ती पंधरा मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण चाहत्यांनी पेपरला जो जाब विचारला होता तोच एका चाहत्याने त्यांना विचारला आणि त्यांनी तो ऐकून घेतला.

राहिला कात्रणांचा प्रश्न. आमच्या कामात मूळ क्रम मोडायचा नाही हा नियम आहे. कागद कोणी, कुठे, कशाशेजारी लावला हीसुद्धा माहिती असते. नर्सचंही तेच म्हणणं: "फाइल हलवली तर ती कुठे ठेवली होती याचा पुरावाच जाईल." इलेक्ट्रिशियनला हे मुळीच मान्य नव्हतं. शेवटी कात्रणं जागीच राहिली. नोंदीत मी लिहिलं, की ही विभागणी अर्काइव्हच्या तेव्हाच्या कर्मचाऱ्यांची आहे, संगीताबद्दलची सामग्री कॅसेट आणि मासिकांच्या संग्रहात पाहावी.

देणगीपत्रावर सही करताना इलेक्ट्रिशियनने एक अट हाताने लिहून घातली. कात्रणांच्या नोंदीतून त्याच्या कॅसेटकडे बोट दाखवलेलं चालेल, पण कॅसेटच्या नोंदीतून गुन्हेगारीच्या फाइलीकडे दाखवायचं नाही. एकतर्फी संदर्भ ही आमच्या पद्धतीत न बसणारी गोष्ट, वरिष्ठांशी दोनदा बोलावं लागलं. मंजूर झालं. नर्सला ती अट अजूनही चुकीची वाटते आणि ती तसं बोलून दाखवते. कॅसेटमधल्या आवाजांचे, चालींचे हक्क अनेकांकडे विखुरलेले आहेत, त्यामुळे सध्या त्या आमच्या वाचनकक्षात येऊन, हेडफोन लावूनच ऐकता येतात. डाव्या भिंतीकडचं टेबल, आधी वेळ घ्यावी लागते.