एसएसडी दिसेना, आणि जो तो म्हणे मदरबोर्ड बदला

लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) बसवली आणि ती दिसेना, तर पहिला प्रश्न एकच विचारायचा: कुठे दिसत नाही? बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये), विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये, की नवीन विंडोज टाकताना येणाऱ्या यादीत? या तीन ठिकाणांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. माझ्या वेळी हा प्रश्न एकाही काउंटरवर कुणी विचारला नाही. सगळ्यांनी थेट मदरबोर्डवर बोट ठेवलं आणि ऐन लग्नसराईत माझा लॅपटॉप दुसऱ्यांच्या टेबलावर पडून राहिला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अंबाजोगाईत माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल. लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरचा, पण आत एक टीबीची साधी फिरती हार्डडिस्क. कोरल ड्रॉमध्ये पत्रिकेची फाइल उघडली की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर जाऊन बसायची. गिऱ्हाईक समोर खुर्चीवर, आणि मी माउस हलवत नुसती वाट बघतेय. रॅम वाढवताना आत एम.२ चा, म्हणजे छोट्या कार्डासारखी एसएसडी बसवायचा, एक स्लॉट रिकामा असल्याचं पाहिलं होतं. तिथे एसएसडी टाकायची, विंडोज तिच्यावर घ्यायचं आणि जुनी हार्डडिस्क फाइली ठेवायला वापरायची, एवढा साधा बेत होता.

लातूरच्या एका दुकानात गेले. लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून नेला होता, तो काउंटरवर दिला. दुकानदारानं कागद न बघताच बाजूला सारला. "ताई, एम.२ सगळ्यांना एकच बसतंय, नेऊन लावा बिनधास्त." हे वाक्य साफ चुकीचं आहे. पुढचा सगळा त्रास या एका वाक्यातून आला.

कार्ड, म्हणजे ही एसएसडी, बसवण्यात अवघड काही नाही. लॅपटॉप शटडाऊन करताना शिफ्ट दाबून धरायची, म्हणजे तो पूर्ण बंद होतो. चार्जर काढायचा, मागचं झाकण उघडायचं, बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवायचा, एखाद्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. कार्ड तिरकं आत सरकवायचं. बोट काढलं की विंचवानं नांगी उचलावी तसं ते मागच्या टोकाला वर उभं राहतं. ते तसंच असतं, घाबरायचं नाही. हलक्या हातानं खाली दाबून स्क्रू लावायचा. हा स्क्रू मात्र पुष्कळ लॅपटॉपच्या रिकाम्या स्लॉटवर नसतो आणि कार्डाच्या डब्यातही असेलच असं नाही. मला तो आमच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं त्याच्या डबीतून शोधून दिला आणि पैसेही घेतले नाहीत. या सगळ्या प्रकरणात कामाला आलेला पहिला माणूस तोच.

लॅपटॉप चालू केला, एफ२ दाबून बायोसमध्ये गेले. हार्डडिस्कचं नाव होतं, नव्या कार्डाची जागा कोरी. बंद करून कार्ड काढलं, सोनेरी पट्ट्या पुसल्या, पुन्हा पक्कं बसवलं. तरीही कोरी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बायोसमध्येच दिसत नसेल तर विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही. ड्रायव्हर टाका, विंडोज अपडेट करा, फॉरमॅट मारा, सगळं व्यर्थ. तेव्हा कारण बहुधा या तीनपैकी एक असतं: कार्ड नीट बसलेलं नाही, कार्ड किंवा स्लॉट खरंच बिघडलाय, किंवा त्या स्लॉटला ते कार्ड चालतच नाही. या तिसऱ्या कारणाचं नावही कुणी काढलं नाही.

दुकानदाराकडे परत गेले. त्यानं कार्ड त्याच्या पीसीला लावलं, ते लगेच दिसलं. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "कार्ड तर बघा, झटक्यात दिसायलंय. तुमचा स्लॉटच गेलाय, मदरबोर्डचं काम आहे." ऐकायला हे पटतं. कार्ड एका ठिकाणी चालतं, दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, म्हणजे दोष दुसऱ्या ठिकाणी. पण हा हिशोब तेव्हाच बरोबर, जेव्हा दोन्ही स्लॉट एकाच जातीचे असतात. त्याच्या पीसीचा आणि माझ्या लॅपटॉपचा स्लॉट एका जातीचा आहे का, हे त्यानं बघितलं नाही आणि विचारल्यावर सांगितलंही नाही.

मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप दिला. तिथे टोकन, फॉर्म, तपासणी शुल्क आधी भरा, डेटा गेल्यास जबाबदारी आमची नाही या ओळीखाली सही. फॉर्ममध्ये अडचण लिहायला एक छोटी चौकट होती. मी त्यात 'बायोसमध्ये एसएसडी दिसत नाही, स्लॉटला कोणती एसएसडी चालते ते तपासावे' असं लिहिलं. काउंटरवरच्या मुलीनं संगणकात टाकताना 'एसएसडी डिटेक्ट होत नाही' एवढंच टाकलं. माझं निम्मं वाक्य, आणि नेमकं कामाचं वाक्य, तिथेच गळलं.

त्यानंतर वाट बघणं. फोन केला की "मॅडम, लाइनमध्ये आहे." पुन्हा केला की "इंजिनिअर फील्डवर गेलेत." इकडे पत्रिकांची गिऱ्हाइकं रोज दारात. मी ओळखीच्या एका प्रेसमध्ये जाऊन रात्री त्यांच्या मशीनवर कामं उरकत होते, कारण लग्नाची तारीख माझ्या लॅपटॉपसाठी थांबणार नव्हती. शेवटी फोन आला: एम.२ स्लॉट फॉल्टी, मदरबोर्ड बदलावा लागेल, संमती कळवा. आकडा ऐकला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यात आणखी थोडे घातले की एक वापरलेला लॅपटॉप येतो. बरं, बाकी सगळा लॅपटॉप ठणठणीत चालत होता.

मी संमती दिली नाही. एसटीत बसून मोबाइलवर लॅपटॉप कंपनीचं मेंटेनन्स मॅन्युअल उतरवून घेतलं. हे मॅन्युअल पुष्कळ कंपन्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, मॉडेल नंबर तेवढा अचूक टाकावा लागतो. बर्दापूर फाटा जाऊन रेणापूर फाटा येईपर्यंत स्टोरेजचा तक्ता सापडला. एम.२ स्लॉटपुढे स्पष्ट लिहिलं होतं: फक्त पीसीआयई एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडीच. बसवण्याआधी मी कार्डाचा फोटो काढून ठेवला होता. तो मोठा करून पाहिला, तर लेबलवर बारीक अक्षरात साटा (जुनी, हळू जोडणी), ६ गिगाबिट प्रति सेकंद. आणि टोकाला एकीऐवजी दोन खाचा.

सगळा उलगडा तिथेच झाला. एम.२ हे आकाराचं नाव आहे. कार्डावर २२८० असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, एवढाच त्याचा अर्थ. त्याच आकारात साटावर चालणारं कार्ड येतं आणि पीसीआयईवर चालणारं एनव्हीएमई कार्डही येतं. साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो. पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीत चार लेन, म्हणजे डेटा जायच्या चार वाटा, मिळाल्या तर तो साडेतीन हजारांपर्यंत जातो. काही स्लॉट दोन्ही प्रकार घेतात, काही एकच. दुकानातल्या पीसीचा दोन्ही घेणारा होता, माझा फक्त एनव्हीएमई घेणारा. आणि खरी मेख अशी की दोन खाचांचं साटा कार्ड एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये अगदी व्यवस्थित बसतं. अडत नाही, हलत नाही, स्क्रूही लागतो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं बरोबर वाटतं आणि लॅपटॉपला कार्डाचा पत्ताच नसतो. खाचा मोजून मात्र शंभर टक्के खात्री धरू नका. दोन लेनची काही एनव्हीएमई कार्डंही दोन खाचांची असतात. लेबल वाचायचं, तोच पुरावा.

सर्व्हिस सेंटरला फोटो आणि मॅन्युअलचं पान पाठवलं. उत्तर आलं नाही. मग स्वतः जाऊन काउंटरवर उभी राहिले आणि विचारलं, "स्लॉट तपासताना कोणतं कार्ड लावलं होतं?" तर माझंच. म्हणजे जे कार्ड त्या स्लॉटला चालतच नाही, तेच लावून स्लॉट खराब ठरवला होता. "तुमच्याकडचं एनव्हीएमई लावून बघितलं का?" काउंटरवरचे म्हणाले, टेस्टिंगचं कार्ड वॉरंटीतल्या मशीनसाठी असतं. मी म्हटलं, मी तपासणी शुल्क भरलंय, मग तपासणी करा, मी इथेच बसते. बऱ्याच वेळानं आतून एक तरुण मुलगा आला, बहुधा नवीनच लागलेला. त्यानं माझ्यासमोर झाकण उघडून त्याच्याजवळचं एनव्हीएमई कार्ड सरकवलं, बायोस उघडलं. पहिल्याच झटक्यात नाव आलं. "मॅडम, दिसतंय की," तो म्हणाला आणि मोकळेपणानं हसला. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला आधी कुणी हे बघायला सांगितलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

जॉब शीटवरचं 'स्लॉट फॉल्टी' मी खोडायला लावलं आणि 'स्लॉट सुस्थितीत, एनव्हीएमई कार्ड दिसले' असं लिहून शिक्का घेतल्याशिवाय उठले नाही. तपासणी शुल्क परत दिलं नाही. तुम्ही लॅपटॉप द्याल तेव्हा फॉर्मवर लिहिलेलं वाक्य संगणकात जसंच्या तसं गेलं का, ते प्रिंट हातात घेऊन वाचा आणि मगच सही करा.

तो शिक्क्याचा कागद दुकानदारापुढे ठेवल्यावर त्याचा सूर बदलला. आधी "डबा उघडलाय, बदलून मिळणार नाही" म्हणत होता. माझ्याकडे जीएसटीचं पक्कं बिल होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी त्याच्यासमोरच मोबाइलवर काढला. कार्ड बदलून मिळालं, वरचा फरक मी दिला. बिल नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. शे-दोनशे रुपये वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका.

नवं कार्ड बायोसमध्ये आलं. जुन्या विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडलं तर मात्र ते नव्हतं, आणि इथे पुष्कळ जण पुन्हा दुकानात पळतात. पळू नका. कोऱ्या डिस्कला अजून ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं. विंडोजची कळ आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे ती 'नॉट इनिशिअलाइज्ड' म्हणून दिसेल. जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) निवडून इनिशिअलाइज करा, काळ्या पट्टीवर उजवी क्लिक करून न्यू सिम्पल व्हॉल्यूम घ्या, झालं. फक्त डिस्कचा आकार वाचून नवी कोणती आणि जुनी कोणती याची खात्री करूनच क्लिक करा.

नवीन विंडोज टाकायला बसले, तर यादीत हार्डडिस्क होती, नवं कार्ड नव्हतं. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, एनव्हीएमई कार्डांचा कारभार इंटेलच्या ड्रायव्हरकडे देणारी सोय चालू असते, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसला की कार्ड दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, झिप फोल्डर सुटा करून पेनड्राइव्हवर टाकायचा आणि त्या यादीच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवायचा. कार्ड लगेच आलं. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण आधीपासून विंडोज असलेल्या मशीनवर असं केलं तर ते सुरूच न होण्याची शक्यता असते, शिवाय बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. मी ड्रायव्हरचाच रस्ता घेतला.

हे आधी सांगायला हवं होतं: विंडोज टाकताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर चालू होण्यासाठी लागणारा छोटा भाग विंडोज जुन्या डिस्कवरच ठेवू शकतं, आणि पुढे ती डिस्क काढली की लॅपटॉप उठत नाही. आणि दुकानदाराकडून बिलावर 'एम.२ एसएसडी' एवढंच लिहून घेऊ नका, 'एम.२ एनव्हीएमई' किंवा 'एम.२ साटा' असं पूर्ण लिहून घ्या.

लॅपटॉप आता पटकन उठतो, पत्रिकेची फाइल गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत उघडते. ५०० जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ४६५ दिसतं, त्यावरून भांडायला जाऊ नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून आकडा कमी येतो. कार्ड पूर्ण असतं.