भाड्याची गाडी आणि मांजरसुंब्याचा घाट
आज आईला घेऊन अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जाऊन आलो. संभाजीनगरहून भाड्याची गाडी घेतली, स्वतःच चालवली. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या आसपास.

मागच्या वेळी टाकी अर्धी असताना गाडी परत केली आणि त्यांनी स्वतःच्या दराने पेट्रोलचे पैसे लावले. फार जिव्हारी लागलं होतं. म्हणून आज गाडी ताब्यात घेतानाच काटा आणि किलोमीटर, दोन्हींचा फोटो काढला. हवा बघितली, तर मागचं डावं चाक चक्क २४ वर! ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं. हवा कमी असली की गाडी जड चालते, पेट्रोल जास्त पिते. पहिल्याच पंपावर चारही चाकं नीट करून घेतली.

येताना मांजरसुंब्याचा घाट उतरताना आई म्हणाली, "तुझे बाबा इथं गाडी न्यूट्रल करायचे रे." तिला सांगितलं, आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे पेट्रोल मोजून सोडायचं काम कॉम्प्युटर करतो त्या गाड्यांत, गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोलच बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळत राहतं, आणि ब्रेकवर सगळा भार येतो. घाटात तर नकोच.

बाकी सत्तर-ऐंशीच्या पुढे गेलो नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागे घाई करून मिळतं तरी काय?

गाडी द्यायच्या आधी जवळच्याच पंपावर टाकी फुल केली, पावती जपून ठेवली. वीस किलोमीटरच्या वर अॅव्हरेज पडलं. अनामत पूर्ण परत मिळाली. आई प्रसादाचा पेढा हातावर ठेवून झोपायला गेली.