आमची वाटचाल : ‘हा नंबर आधीच नोंदलेला आहे’

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका माडीवर आमचं पुनर्विवाहाचं सूचक केंद्र सुरू झालं, तेव्हा सगळा कारभार आईच्या दोन वह्यांत होता. वह्या कपाटात, किल्ली आईच्या कमरेला. शाहू महाराजांनी १९१७ सालीच करवीर संस्थानात विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला. पण आजही आमच्याकडे येणारी बाई रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना, हे बघूनच जिना चढते.

नोंदणी ऑनलाइन केली आणि ती वही आम्हीच चव्हाट्यावर मांडली. जुना नंबर टाकला की फॉर्म सांगायचा, ‘हा नंबर आधीच नोंदलेला आहे.’ आम्हाला ती सोय वाटली! एक दिवस एका ताईंचा फोन आला. सासरच्या कुणीतरी त्यांचा नंबर टाकून बघितला होता. पासवर्ड लागलाच नाही. “दादा, मी नाव लपवलं, फोटो लपवला, आणि तुमच्या फॉर्मनंच सांगून टाकलं की!”

मला उत्तर सुचलं नाही.

आता नंबर नवा असो की जुना, स्क्रीनवर एकच ओळ येते : ‘या नंबरवर मेसेज पाठवला आहे.’ नव्याला ओटीपी जातो. जुन्याला ‘तुमचं खातं आहे, लॉगिन करा’ असा मेसेज. त्यात लग्नाचा शब्द नाही, कारण फोन घरात कुणाच्याही हातात असतो. हे मजकूर डीएलटीवर, म्हणजे संस्थांच्या एसएमएसचे मजकूर आधी नोंदवून घेणाऱ्या दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेवर, मंजूर करून घेण्यात दिवस गेले, ते वेगळंच. ‘पासवर्ड विसरलात?’ इथंही तीच गळती होती. शिवाय जुन्या नंबरला उत्तर झटकन यायचं, नव्याला जरा उशिरा. नुसत्या वेळेवरूनही ओळखता आलं असतं. हे आमच्या प्रोग्रामर पोरानं पकडलं, मला सात जन्मांत कळलं नसतं.

त्रास झाला तो साध्या माणसांना. कागल, गडहिंग्लजकडचे वडील मंडळी एक आकडा चुकवायचे आणि ओटीपीची वाट बघत बसायचे. म्हणून टाकलेला नंबर आता मोठ्या अक्षरात पाच-पाच आकडे तोडून दाखवतो, शेजारी ‘नंबर बदला’.

तरी फोन येतातच. परवा एक काका तापले : “माझ्या लेकीचं नाव आहे का नाही, एवढं सांगायला काय जातंय?” आई म्हणाली, “तिच्या नंबरवर मेसेज गेलाय, तिलाच विचारा.” काकांनी फोन आपटला. संध्याकाळी लेकीचाच फोन आला. वडिलांना काही सांगितलं नाही ना, एवढंच विचारत होती.