आमची वाटचाल: केशरी वर, हिरवा खाली

आमची पहिली ऑर्डर ८० ग्लासांची होती. डोंबिवलीत आमच्या शेजारच्याच सोसायटीची, १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर मुलांना वाटायला. तोवर तिरंगी जेली मी फक्त घरी, स्टीलच्या वाट्यांत लावली होती. वाटीत आधी केशरी ओतायचा, मग पांढरा, शेवटी हिरवा. ताटलीत उपडी केली की केशरी आपसूक वर. हाताला तीच सवय. ग्लास कुणी उपडे करत नाही, हे डोक्यातच आलं नाही. रात्री साडेदहाला सासूबाईंनी फ्रीज उघडला आणि म्हणाल्या, "अगं, झेंडा उलटा का?"

मग कडेने सुरी फिरवून सगळे ग्लास कागदी द्रोणांत उपडे केले. सासूबाई, मी आणि हे, रात्री एकपर्यंत. सकाळी द्रोण वेळेवर पोचले, पण भाषणं लांबली. जिलेटिन तिशीच्या पुढच्या तापमानाला ढिलं पडतं, आणि त्या दिवशी नेमकं ऊन होतं. पोरांनी जेली सरळ पिऊन टाकली. त्यांची काहीच तक्रार नव्हती.

तक्रार एका आजींची. "श्रावण आहे बाई, ह्यात काय घातलंयस?" जिलेटिन म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "ते कशाचं असतं?" मला सांगता येईना. घरी येऊन शोधलं, तर जनावरांच्या कातडी-हाडांचं. मी सेक्रेटरींना फोन करून खरं ते सांगितलं आणि पैसे परत केले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे फक्त चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर. हे समुद्रशेवाळापासून होतं. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्याला बायका बुड्या मारून ते शेवाळ काढतात. एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे भाषणं कितीही लांबोत. जिलेटिनसारखं जिभेवर विरघळत मात्र नाही, तुटक लागतं. ते मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते. म्हणून पांढरा थर आम्ही नारळाच्या दाट दुधाचा करतो, त्याने जरा मऊपणा येतो.

खरं कसब दोन थरांच्या मधल्या वेळेत आहे. खालचा थर पुरता गार झाला तर वरचा त्याला धरत नाही, चमचा लावताच सुटून येतो. कच्चा असला तर वरचा त्यात घुसतो. बोट टेकवल्यावर किंचित चिकटलं पाहिजे, पण बोटाला लागून यायला नको. चायना ग्रास चाळिशीच्या आतबाहेरच आळतं, म्हणून वरचं मिश्रण कोमटाहून थोडं गरम हवं, आणि पळीच्या पाठीवरून सोडायचं. पहिल्या वर्षी संत्र्याचा रस फ्रीजमधून काढून तसाच ओतला, तर पातेल्यात गुठळ्याच गुठळ्या. आंबट रस त्यात उकळलाही, तर जेली धरेना. आता चायना ग्रास नुसत्या पाण्यात उकळतो, गॅस बंद करतो आणि मग कोमट केलेला रस घालतो. हिरव्यासाठी खस. पालकाचाही प्रयोग केला होता, घरच्यांनीसुद्धा खाल्ला नाही.

अशोकचक्र काढून द्या, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. तिरंगी केक कापणं हा राष्ट्रध्वजाचा अपमान नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय, आणि त्या केकवर चक्रही होतं. पण मला चक्रात चमचा घालवत नाही. आमच्याकडे तीन रंग मिळतील, चक्र नाही.

एफएसएसएआयची नोंदणी केली, दुसरा फ्रीज घेतला, धाकट्या जाऊबाई नोकरी सोडून आल्या. नाताळात वसईहून लाल-पांढऱ्या-हिरव्या थरांची मागणी येते, लाल थर कोकमाचा. कोकम आंबट, त्यामुळे तिथे चायना ग्रास थोडं वाढवावं लागतं. मोठ्या केटररने वर्षभराचं काम देऊ केलं होतं, पण त्याला खाण्याचा रंग घालून स्वस्तात हवं होतं. जमलं नाही.

१४ ऑगस्टला घरात बाकी स्वयंपाक होत नाही, वडापाव येतो. सासूबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण प्रत्येक ट्रेला बोट त्यांचंच लागतं. यंदाच्या ऑर्डर १० तारखेपर्यंत घेतोय. ग्लास हवेत की द्रोण, ते फोनवर आधी सांगा. ओतायचा क्रम त्यावर ठरतो.